आनंदात ठरलेलं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे मी कुणावर घसरले तर वाचणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये. परवा पनवेलला मुलाकडे गेले होते, तिथे माझा आणि सुनेचा खटका उडाला. कारण काय, तर नातवाला कुठल्या शाळेत घालायचं. शब्दाने शब्द वाढला आणि सून तावातावाने म्हणाली, "आई, आत्ताच्या आत्ता काय ते ठरवून टाकू." माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ता नको गं. आत्ता आपण दोघी रागात आहोत." सून माझ्याकडे बघतच राहिली. तिने मला असं शहाण्यासारखं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मलाही नवल वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले तेव्हा कुठे लक्षात आलं की हे वाक्य माझं नव्हतंच, लेलेबाईंचं होतं. मग ओट्यापाशी उभी राहून थोडा वेळ रडले.

लेलेबाई म्हणजे सुलभा लेले. आमच्या श्रीवर्धनच्या शाळेत त्या मराठी आणि इतिहास शिकवायच्या, मी गणित. मी नोकरीला लागले तेव्हा त्या शाळेत चांगल्या मुरलेल्या होत्या. बारीक अंगाच्या, ताठ पाठीच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांच्या सुपारीच्या वाडीला लागूनच आमचं घर. मध्ये एक कमरेएवढा दगडी गडगा, आणि त्या गडग्यावरून आमचा सगळा संसार इकडून तिकडे व्हायचा. विरजण, कढीलिंब, शाळेतली भांडणं, सगळं. त्यांचे यजमान अण्णा दिवसभर वाडीत. शिंपणं, सुपारी उतरवणं, सोलणं, वाळवणं, यात त्या माणसाचा जन्म गेला. मोठा गमत्या माणूस. मुलगी एकच, गौरी.

बाईंना एक खूळ होतं. खूळच म्हणायचे आम्ही सगळे. माणूस डोक्याने विचार करतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. "डोकं काय, ते नोकर आहे," म्हणायच्या. "मालक आत बसलेला असतो. तो रुसला की नोकर रुसल्याची कारणं शोधून आणतो. तो खूश झाला की खुशीची." त्यामुळे काही ठरवायचं झालं की त्या आधी मालकाची तब्येत बघायच्या. वर्गात शिरल्या शिरल्या सांगून टाकायच्या, "मुलांनो, आज बाईंचं डोकं फिरलेलं आहे. तुमच्यामुळे नाही. पण आज मी कुणाला शिक्षा करणार नाही, कारण आज केली तर ती जास्तच होईल." मुलं त्या दिवशी इतकी गुणी वागायची की बघत राहावं. मी एकदा हाच प्रयोग माझ्या वर्गात केला, तर पोरांनी धुडगूस घातला. ज्याचं त्याला साधतं.

पेपर तपासायची त्यांची तऱ्हा तर ऐकण्यासारखी होती. त्यांच्या कपाटात कुणा शिकून गेलेल्या मुलीचा एक जुना निबंध होता. फार चांगला नाही, वाईटही नाही, मधला. गठ्ठा सोडण्याआधी बाई तो निबंध नव्याने वाचायच्या आणि मनातल्या मनात त्याला गुण द्यायच्या. खरे किती द्यायला हवेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज हातून कमी दिले गेले की गठ्ठा तसाच बांधून ठेवायच्या आणि दळण आणायला जायच्या. "आज मी कंजूष झालेय. मुलांनी का भोगायचं?"

"आणि जास्त दिले गेले तर?" मी विचारलं होतं.

"तर काय, पोरांचं नशीब," असं म्हणून त्यांनी हसत गठ्ठा सोडला होता.

मी त्यांना चिडवायची. म्हणायची, आमच्या गणितात हा ताप नाही बाई. बरोबर ते बरोबर, चूक ते चूक, माझं मन थाऱ्यावर असो नसो. त्या चष्म्यावरून बघायच्या. "पायऱ्यांना गुण देतेस ना? मग त्या देताना सासूची आठवण येते की नाही, खरं सांग." येत असे. त्यांना कसं कळायचं कुणास ठाऊक.

सासूचा विषय निघालाच आहे तर सांगते. लग्नानंतर दोनेक वर्षांत आमच्या घरात एकदा असा भडका उडाला, की मी कपड्यांची पिशवी भरली आणि एसटी स्टँड गाठला. रेवदंड्याला माहेरी जाणार होते, ते परत न येण्यासाठी. शाळेला जाताजाता बाईंनी मला फलाटावर बघितलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं असणार. मला वाटलं, आता समजूत घालणार. त्या शेजारी बसल्या, पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली आणि म्हणाल्या, "जा. जायलाच हवंय तुला. पण कायमची जायचं ते गाडीत बसून ठरवू नकोस. नुसती जा. तिथे आईच्या हातचं जेव, दोन रात्री झोप, मग ठरव. तेव्हाही यायचं नसेल तर तुझं सामान मी आणून देईन, सासूच्या समोरून." मी गेले, जेवले, झोपले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. सासू तशीच होती, पण मला ती पहिल्यासारखी राक्षसीण दिसली नाही. गुडघे धरून उठणारी एक म्हातारी दिसली. माझा संसार त्या गोळीवर टिकला, असं मी अजून म्हणते.

मग ते मोठं वादळ आलं. किनाऱ्यावरच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नारळ, सुपारीच्या पोफळी, आंबे, मोजकी झाडं सोडली तर काही राहिलं नाही. लोक उंबऱ्यावर बसून नुसते बघत राहायचे. आणि आठवड्याभरात पांढऱ्या गाड्यांतून जमिनी घेणारे फिरू लागले. बाईंच्या वाडीत कामाला येणारा गणू, त्याची स्वतःची खाली समुद्राकडे लहानशी वाडी होती. तो बायकोला घेऊन आला आणि अण्णांसमोर बसला. "आता काय ऱ्हायलंय? पोफली पुन्ना लावायच्या, त्या धरायच्या कदी? मी न्हाय ऱ्हात तवर. इकून टाकतो." बाई आतून आल्या, त्याच्यापुढे पिठलंभात ठेवला आणि म्हणाल्या, "विकायची तर वीक, जमीन तुझी आहे. पण ज्या दिवशी तू पोटभर जेवशील आणि कशाला तरी एकदा हसशील, त्या दिवशी वीक. तोपर्यंत कुणाच्या कागदाला अंगठा लावायचा नाही. तुला आत्ता सगळंच संपलेलं दिसतंय. तुझी बायको समोर बसलीय तीसुद्धा तुला दिसत नाहीये." त्यांनी अशी घरं पालथी घातली. कुणी ऐकलं, कुणी नाही. गणूने ऐकलं. आज त्याच्या पोफळी माणसाच्या दुप्पट उंच झाल्यात.

इतकं सगळं आवरून सावरून वागणारी ही बाई, पण आनंद झाला की हिला काही नियम नसे. अण्णा म्हणायचे, "रागाला ही कुलूप लावते, रडण्याला कडी घालते, आणि आनंदाला दार सताड उघडं." खरंच होतं ते. कुणी पास झालं, कुणाला मूल झालं, साधी गाय व्याली, की बाई भलभलती आश्वासनं देऊन मोकळ्या व्हायच्या. आणि कुणाला त्यात काही खटकायचं नाही. रागावलेल्या माणसावर सगळे नजर ठेवतात. आनंदात असलेल्याला कोण म्हणतं, की बाबा, आत्ता तुझं डोकं ठिकाणावर नाही?

गौरीचं लग्न ठरलं ते माघात. मुलगा अलिबागचा, निखिल. रोह्याला कंपनीत इंजिनिअर. आईवडील शिक्षक, म्हणजे आपल्यातलेच. पहिल्या भेटीत दोघांना बोलायला समुद्रावर पाठवलं, तर तास उलटून गेला तरी परत यायचं नाव नाही. आले ते दोघांच्याही पायांना घोट्यापर्यंत वाळू आणि कशावरून तरी हसणं आवरत नाही. गौरी तशी अबोल मुलगी. तिला इतकं हसताना मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सुपारी फुटली. आमच्याकडे लग्न पक्कं झालं की सुपारी फोडतात, आणि सुपारीच्या गावात, स्वतःच्या वाडीतली सुपारी, स्वतःच्या हाताने वाळवलेली, म्हणजे अण्णांचा काय थाट. वादळातून उभ्या राहिलेल्या झाडाची निवडून आणली होती. त्यांनी ती अडकित्त्याने फोडली आणि दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली. पुरणपोळीचं जेवण झालं. मी सकाळपासून तिथेच, वाढायला. पाहुणे मागीलदारी वाडी बघायला गेले तेव्हा अण्णा ओसरीतल्या झोपाळ्यावर येऊन टेकले. म्हणाले, "सुलभा, छातीत जरा जळजळतंय गं. खांदाही भरून आलाय."

बाई गाणं गुणगुणत पानं आवरत होत्या. "पुरणपोळ्या काय कमी खाल्ल्यात? वर तुपाची वाटी वेगळी." अण्णा हसले. मी हसले. बाईंनी त्यांना ओवा चावायला दिला, कोकमचं सरबत करून दिलं, कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि म्हणाल्या, "आज धावपळही फार झाली तुमची. पडा जरा." पाहुण्यांना निरोप द्यायला अण्णा उठले, दारापर्यंत गेले, हात केला. परत येऊन झोपाळ्यावर बसले ते एका बाजूला कलंडले. शेजारच्यांची गाडी काढून माणगावला निघालो. म्हसळा मागे पडलं आणि बाईंच्या मांडीवर अण्णा गेले. तिन्हीसांज झाली होती. रस्त्याच्या कडेला कुणीतरी गुरं घराकडे नेत होतं, आमची गाडी त्यांच्यामागे हळूहळू चालली होती, आणि आता घाई कसली म्हणून ड्रायव्हरनेही हॉर्न वाजवला नाही.

दवाखान्यात बाईंनी डॉक्टरांना एकच विचारलं. "दुपारी आणलं असतं तर?" तो तरुण डॉक्टर भला माणूस होता, त्याने खोटं सांगायला हवं होतं. म्हणाला, "खात्रीने सांगता येत नाही. कदाचित." तो 'कदाचित' बाई घरी घेऊन आल्या.

तेरावा झाला. महिना गेला. निखिलचे वडील आणि आई आले. आपल्याकडचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबायचं. मागच्यांनी का तसं घालून दिलं कोण जाणे. मला वाटतं, दुःखात माणसं काहीच ठरवत नाहीत म्हणून त्यांना मागून ढकलण्यासाठी असावं. निखिलचे वडील अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, गाजावाजा काही नको. देवळात चार माणसांत करू. हरिहरेश्वरला करू. अण्णांनी स्वतः सुपारी फोडलीय, त्यांचा शब्द आहे तो. वर्षाच्या आत आटपलं तर त्यांनाही बरं वाटेल."

बाई पाठ ताठ करून बसल्या होत्या. "मला आत्ता धड विचार करता येत नाही. अशा मनाने मी काही ठरवणार नाही. तुम्ही मला ओळखता."

गौरी माजघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, नवीन काही ठरवायचंच नाहीये. ठरलेलं आहे."

"ठरलं ते कुठल्या दिवशी?" बाई म्हणाल्या. एवढंच.

पाहुणे गेल्यावर मी राहिले. माझ्याने गप्प बसवलं नाही. म्हटलं, बाई, पोरीचा जीव टांगणीला लावू नका, वर्ष काय तुमच्यासाठी थांबून राहणार आहे का. बाई रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "शोभा, तू होतीस त्या दिवशी. माझा माणूस झोपाळ्यावर घामाने भिजला होता. मी तो घाम माझ्या पदराने पुसला. आणि मला काय दिसलं, तर पुरणपोळी खाऊन सुस्तावलेला नवरा. कारण मला त्या दिवशी वाईट काही दिसूच शकत नव्हतं. मग त्याच दिवशी, त्याच डोळ्यांना तो मुलगा चांगला दिसला. तो चांगला आहे कशावरून? मी पोरीला त्या डोळ्यांच्या भरवशावर देऊ?"

मी गणिताची बाई. पायऱ्या सगळ्या बरोबर दिसत होत्या आणि उत्तर चुकलेलं आहे हे मला आतून कळत होतं, पण कुठे चुकलंय ते बोट ठेवून दाखवता येईना. आता दाखवता येतं. बाईंना वाटत होतं की त्या दुःखात काही ठरवत नाहीयेत. पण ठरवत दुःखच होतं. त्याने फक्त बाईंचीच वाक्यं उचलली होती. आम्हाला सगळ्यांना थांबायला ज्या वाक्यांनी शिकवलं, तीच. म्हणून तर कुणाला त्यांच्यापुढे तोंड उघडता येईना. गणू एकदा गडग्यापाशी मला म्हणाला, "बाय सगल्यांना थांब थांब म्हनली. आता तिचीच गाडी आडली हाय, ती कोन ढकलल?"

ते वर्ष मी डोळ्यांनी बघितलं आहे. बाई जेवायच्या, अंघोळ करायच्या, वाडीतलं काम गणूकडून करून घ्यायच्या. पण मन म्हणून जे असतं त्याला एकच खोली उरली होती. गौरीला खोकला झाला तर बाईंना तो न्यूमोनिया वाटायचा. फोन वाजला की उचलायच्या आधीच विचारायच्या, कुणाचं काय झालं. निखिल दर रविवारी मोटरसायकलवरून यायचा. वाडीत पाण्याचा पाट दुरुस्त करायचा, बाईंसाठी औषधं आणायचा. बाई त्याच्याकडे अशा बघत बसायच्या की बिचारा अवघडून जायचा. तो गेल्यावर म्हणायच्या, "फार गोड बोलतो. इतकं गोड कशाला बोलायला हवं?" एकदा तो आलाच नाही, त्याच्या आजीला बरं नव्हतं. तेव्हा म्हणाल्या, "बघ, कंटाळला." आला तर तसं आणि नाही आला तर असं. मला रडावं की चिडावं कळेनासं व्हायचं. गौरीला मी एकदा स्पष्ट म्हटलं, "अगं, सज्ञान आहेस तू. जा, सही करून मोकळी हो. मी येते साक्षीला." ती म्हणाली, "मावशी, बाबांना जाऊन वर्ष नाही झालं. आईला या घरात असं टाकून मी कुठे जाऊ?" तिच्या जागी मी असते तर भांडी आपटली असती. ही पोर आईच्या वळणावर गेलेली. तीही थांबली.

वर्षश्राद्ध झालं. आता तीन वर्षं. निखिल म्हणाला, थांबतो. आणि थांबला की तो, पुष्कळ थांबला. खोटं कशाला बोलू. पण रविवार महिन्यातून एकदा झाले, मग सणावारी. नुसत्या थांबण्यावर दोन तरुण माणसं किती दिवस काढणार? त्याची आजी अंथरुणाला खिळली होती, तिला नातसून बघायची होती. एका संध्याकाळी तो येऊन गौरीला समुद्रावर घेऊन गेला. मी अंगणात होते. गौरी एकटी परत आली, पायांना वाळू नव्हती. बहुतेक रस्त्यावरच्या कठड्यावरच बसून बोलले असतील. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. कुणाचा दोष म्हणायचा? मला तर दोष द्यायला माणूस सापडला की बरं वाटतं, इथे एकही सापडला नाही.

गौरीने पुण्याला नोकरी धरली. आईला रोज फोन करायची, औषधं घेतलीस का, जेवलीस का, सगळं विचारायची. आवाज चढवला नाही कधी. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग एक सकाळ. श्रावण सरत आला होता, सगळीकडे शेवाळ. मी बाईंकडे कशाला तरी निघाले होते, हातात ताकाची कळशी, आणि वाडीतल्या पाटावरून पाय घसरून मी धप्पकन चिखलात बसले. ताक सगळं डोक्यावरून. गणूचा कुत्रा आला आणि माझं तोंड चाटायला लागला. मी त्या कुत्र्याला, गणूला, पाटाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. आणि मला हसण्याचा आवाज आला. बाई ओट्यावर उभ्या होत्या, खांब धरून हसत होत्या. थांबवत होत्या पण थांबत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अण्णा गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तशीच चिखलात बसून राहिले, उठले तर थांबतील म्हणून.

हसणं हळूहळू ओसरलं. बाईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा पुसला, परत लावला. आणि वाडीकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "शोभा, निखिल चांगला मुलगा होता, नाही गं?"

मी चिखलातून उठून पायरीपाशी गेले.

"आजारी आजीला सोडून तो रविवारी कसा आला असता?" त्या म्हणाल्या. "आणि मी म्हटलं, कंटाळला." त्या खाली पायरीवर बसल्या. जणू खोलीतला दिवा कुणी लावला आणि सगळं सामान जिथल्या तिथे दिसलं, तशा त्या एकेक आठवत गेल्या. त्याने दुरुस्त केलेला पाट. वर्षश्राद्धाला तो शेवटच्या पंगतीला बसला होता ते. मग माझा ओला हात धरून म्हणाल्या, "मी काय करून बसले गं हे?" मी त्यांना धरलं. माझ्या अंगाला सगळा चिखल आणि ताक, तो त्यांनाही लागला.

"तिला सांगायला हवं," नंतर त्या म्हणाल्या. "तिला वाटत असेल, मला अजून तो वाईटच वाटतो."

गौरी गणपतीला आली. बाईंनी ठरवलं होतं की सांगायचं. पण पहिल्या दिवशी ती प्रवासाने दमलेली. दुसऱ्या दिवशी मोदकांच्या गडबडीत ती छान मोकळी बोलत होती, मग आता कुठे तिचा विरस करायचा. विसर्जनाच्या दिवशी तिचे डोळे लाल होते, मग आज तर नकोच. रोज मी गडग्यावरून खुणेने विचारायची, सांगितलंत? आणि बाई मानेनेच नाही म्हणायच्या. योग्य दिवस शोधता शोधता जायचा दिवस उजाडला.

मी दोघींबरोबर स्टँडवर गेले. बाईंना मी त्यानंतर पाहिलं नाही, म्हणून ती दुपार नीट सांगते. दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पनवेलला मुलाकडे गेले, आणि तिथे असतानाच दिवाळीच्या आधी बाई गेल्याचा फोन आला. झोपेत गेल्या म्हणे. अंगात ताप होता दोन दिवस, गणूची बायको जवळ होती, गौरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तर त्या दुपारी पुण्याची गाडी लागलेली होती. गौरी खिडकीशी बसली. बाई खाली उभ्या, खिडकीच्या गजावर हात ठेवून. पाण्याची बाटली घेतलीस का, ताम्हिणीत मळमळेल, लिंबू जवळ ठेव, असं चाललं होतं. कंडक्टर चढला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, "गौरी, निखिल चांगला मुलगा होता."

गाडीच्या आवाजात ऐकू गेलं की नाही मला कळेना. गौरी पुढे झुकली. मग ती खिडकीला तोंड लावून म्हणाली, "हो आई. मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"त्या दिवसापासूनच. आनंदात होते ना मी, म्हणून तर नीट दिसला."

तिने ते रागाने म्हटलं नाही. आईला माहिती द्यावी तसं म्हटलं. आणि मग तिने आपला हात आईच्या हातावर ठेवला. कंडक्टरने दोरी ओढली, गाडी मागे यायला लागली. गौरीने हात काढून घेतला, म्हणाली, "आई, सोड आता." बाई गजाला धरून गाडीबरोबर चालू लागल्या. लोक ओरडायला लागले, अहो आजी, अहो बाई. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांची बोटं गजाभोवती इतकी घट्ट बसली होती, की मला ती एकेक करून सोडवावी लागली.